वीत

अर्जात तीन ओळी मोकळ्या होत्या.
एक एत्यूद, एक मोठी रचना, आणि
'रोमँटिक काळातलं काहीही, उमेदवाराच्या पसंतीचं.'
सगळं मिळून पंचवीस मिनिटं. पुढे गेलात तर घंटी.

माक्वालाबाईंनी आधी माझी वीत मोजली,
शिंप्याच्या टेपने, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत.
एक सप्तक, आणि वर एक पट्टी,
तीही कडेकडेनं.
"रखमानिनोव्हच्या दारात जाऊच नकोस," त्या म्हणाल्या.
"हात दाखवून अवलक्षण कशाला?"

आईला लिस्ट हवा होता.
लिस्ट म्हणजे गडगडाट, आणि गडगडाट म्हणजे
खालच्या मजल्यावरच्या गुलिकोला एकदाचं कळेल
की पोरगी नुसती दार लावून बसत नाही.
मामाने बूट चढवता चढवता विचारलं,
"त्यातलं जिंकतं कुठलं?"

प्रश्न वाईट नव्हता.
मागच्या पाच वर्षांचे निकाल घेऊन बसले.
एकच बॅलाड घेऊन नऊ जण आले, नऊ जण गेले.
दहावी मीच झाले असते.
परीक्षक म्हणे दुसऱ्या पानावर पेन्सिल खाली ठेवतात
आणि शेवटाकडे परत उचलतात,
कोण कुठे घसरतं ते टिपायला.

एत्यूदचं तर विचारूच नका.
माझी अनामिका ऐन वेळी दगा देते.
पाचही बोटं सारखी नसतात, सगळेच म्हणतात,
एत्यूद लिहिणाऱ्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मग एका गुरुवारी, सोलोलाकीतल्या त्यांच्या खोलीत,
मी विचारलं: इतकी वर्षं शिकवता,
कपाटात पुस्तकं एवढीशीच कशी?

तिबिलिसीत त्या हिवाळ्यात वीज नव्हती, गॅस नव्हता.
खुर्च्या जळून झाल्या होत्या,
जमिनीच्या फळ्या उचकटून झाल्या होत्या.
शेजारी पियानोवर टकटक करून म्हणाला, लाकूड चांगलंय.
त्यांनी कपाट उघडलं.
"रोज संध्याकाळी एक. हातात घ्यायचं, चाळायचं,
हातमोज्यातल्या बोटांनी मांडीवर वाजवून बघायचं,
याच्याशिवाय उद्या भागेल का?
लिस्ट छान जळला. पानं पुष्कळ, कागद जाड.
मेंडेलसोनवर चहा झाला.
शूमानला तीनदा चुलीपर्यंत नेलं.
एकदा कोपरा पेटलासुद्धा."

इतकंच. मग म्हणाल्या, स्केल वाजव.

कपाटात अकरा पुस्तकं होती.
मी कोपरा जळलेलं काढलं.
प्रत्येक पानाच्या शेवटी करपट अर्धवर्तुळ,
दोन-तीन मात्रा गायब.
तेवढ्या त्या वाजवून दाखवायच्या,
आणि दर वेळी किंचित वेगळ्या.
"नव्या प्रतीत बघू?"
"बघ की."

पाहिल्या. छापलेल्या मात्रा बरोबर होत्या,
आणि चौथ्या पानावर
बाईंच्या डाव्या हातात जो एक स्वर रेंगाळायचा,
तो कुठेच नव्हता.

मोठ्या रचनेच्या ओळीत मी शूमान लिहिला.
आई आठवडाभर माझ्याशी फक्त
जेवणाबद्दल बोलली.

परदेशातला हॉल, माझा नंबर एकतीस.
आधीचा मुलगा तेच बॅलाड वाजवून गेला होता,
पट्ट्या अजून त्याच्या घामाने ओल्या.
तीन पानं मी छापल्याबरहुकूम वाजवली.
चौथ्याच्या तळाशी
डावा हात रेंगाळला. मी रेंगाळू दिला.
समोर पेन्सिल उचलल्याचा आवाज आला,
लाकडावर लाकूड, अगदी बारीक.

संध्याकाळी भिंतीवर यादी लागली.
मी वरून वाचली, मग खालून,
मग कोट घालून बाहेर येऊन फोन लावला.
"नाही ना?" बाई म्हणाल्या.
"नाही."
पलीकडे कुणीतरी गिरक्या चुकवत होतं,
त्याला त्या 'हळू, हळू' म्हणाल्या,
आणि मग मला,
"हॉल गरम होता का?"